पंपिंग ६० टक्के, तरी दम का लागतो?

बीपी वाढलंय अशी तक्रार घेऊन खेड्यातला माणूस सहसा येत नाही. तो येतो दम लागतो म्हणून. मागच्या हंगामापर्यंत कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन धुऱ्याधुऱ्याने घरी येणारी बाई आता वाटेत दोनदा टेकते. रात्री उताणं पडलं की खोकला सुरू होतो, उठून बसलं की थांबतो. ‘दोन उशा घेतल्याशिवाय झोपच लागत नाही जी,’ असं सांगणारे कितीतरी. पट्टा बांधला की आकडा १८० च्या आसपास येतो आणि मग मागची हकीकत बाहेर पडते: ‘बीपीची गोळी होती नं सुरू, पण बरं वाटलं म्हणून सोडली.’ सोडून कधी दोन वर्षं झालेली असतात, कधी पाच.

यवतमाळ-वर्धा पट्ट्यातल्या उपकेंद्रांत, आरोग्य केंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत अशा पेशंटची तपासणी कोणत्या क्रमाने होते, कशासाठी होते आणि कुठे अडते, ते इथे लिहितो आहोत.

सुरुवात बीपी नीट मोजण्यापासून, आणि अर्धा घोळ इथेच होतो. बाजाराच्या दिवशी ओपीडीत गर्दी असते, माणूस तीन-चार किलोमीटर चालत आलेला असतो, गालात खर्रा असतो, आणि स्टुलावर बसल्या बसल्या पट्टा बांधला जातो. असा आकडा कागदावर चढवण्याच्या लायकीचा नसतो. तंबाखू, चहा, तुंबलेली लघवी, पायावर टाकलेला पाय, टेकू नसलेली पाठ, मोजताना चाललेल्या गप्पा, हे सगळं बीपी वर नेतं. हात टेबलावर न ठेवता खाली लोंबत राहिला तर एकट्या त्यानेच १० पर्यंत फरक पडतो. म्हणून आधी तोंड धुवायचं, लघवीला जाऊन यायचं, खर्रा किंवा चहा झाला असेल तर अर्धा तास जाऊ द्यायचा. मग पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. दंड मोकळा हवा; बाही वर गुंडाळून तिचाच आवळा बसत असेल तर शर्ट काढलेला बरा. पट्ट्याची खालची कडा कोपराच्या खळगीच्या दोन बोटं वर, आणि आतली रबरी पिशवी दंडाच्या घेराला निदान ८० टक्के वेढणारी. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की बीपी खोटंच वाढलेलं दिसतं. मोठा पट्टा बऱ्याच ठिकाणी नसतोच, तो मागून मागून घ्यावा लागतो.

एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजायचं. पहिल्या दिवशी दोन्ही हातांचं घ्यायचं आणि ज्या हाताचं जास्त येईल तो हात पुढे कायम ठेवायचा. स्टेथोस्कोपने मोजणाऱ्यांनी आधी मनगटाची नाडी धरून हवा भरावी. नाडी बंद झाली की त्या आकड्याच्या आणखी ३० वर भरायची आणि सेकंदाला २ या गतीने सोडायची. वयस्कर, ताठर धमन्यांच्या माणसात आवाज १९० ला सुरू होतो, १७० ला गायब होतो आणि १५० ला पुन्हा ऐकू येतो. हवा १६० पर्यंतच भरली असेल तर तुम्ही १५० लिहिता आणि माणूस घरी जातो. ही चूक सवयीने होते, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही.

वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं तर उच्च रक्तदाब. पण दम लागणाऱ्या माणसाचं १८०/११० असेल तर दुसऱ्या तारखेची वाट पाहत नाहीत, त्याच दिवशी उपचार सुरू होतात.

आता आत काय होतं ते. हृदयाचा डावा खालचा कप्पा दिवसाला सुमारे एक लाख वेळा रक्त मुख्य धमनीत ढकलतो. १२० चा दाब म्हणजे पाऱ्याचा १२ सेंटिमीटर उंच स्तंभ. पाण्यात मोजला तर १६३ सेंटिमीटर. १८० म्हणजे पाण्याचा २४५ सेंटिमीटर, आठ फूट उंच स्तंभ. विहिरीची पातळी खोल गेली की मोटर जास्त ओढते आणि एक दिवस जळते, सगळ्या गावाला कळतं. हृदयाचा स्नायू तसा जळत नाही. तो जुळवून घेतो, आणि वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही.

जुळवून घेतो म्हणजे काय करतो? कप्प्याच्या भिंतीवरचा ताण दाबाने वाढतो, कप्प्याच्या त्रिज्येने वाढतो आणि भिंतीच्या जाडीने कमी होतो. दाब चढलेलाच राहिला तर ताण आटोक्यात ठेवायला भिंत जाड करणं हा एकच उपाय हृदयाच्या हातात असतो. स्नायूच्या पेशींची संख्या काही वाढत नाही. आहे त्याच पेशीत आकुंचन पावणारे धागे शेजारी शेजारी भरत जातात आणि पेशी जाड होते. निरोगी माणसात ही भिंत ६ ते १० मिलिमीटर असते, बायकांत ९ पर्यंत. जुन्या बीपीत १२, १३, १४ हे आकडे रोजचे आहेत. १५ च्या पुढे गेली तर फक्त बीपीवर खापर फोडू नये; मुख्य धमनीची अरुंद झडप किंवा स्नायूचा स्वतःचा आजारही शोधावा लागतो.

ही जाडी व्यायामाने कमावलेल्या जाडीसारखी नसते. पेशी जाड झाली तरी तिला रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्या त्या प्रमाणात वाढत नाहीत. शिवाय हृदयाच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः तो सैल असताना. आकुंचनाच्या वेळी आतल्या थराच्या वाहिन्या दाबल्या जातात. त्यामुळे सगळ्यात आतला थर उपाशी राहतो आणि धमन्यांत मोठा अडथळा नसतानाही चालताना छाती भरून येते. दुसरीकडे अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन ही संप्रेरकं पेशींच्या मधल्या जागेत कोलॅजेनचे तंतू साचवत राहतात. हे तंतू आकुंचन पावत नाहीत, सैलही पडत नाहीत. भिंत जाड तर होतेच, वर ताठर होते.

ताठर भिंतीचा पहिला फटका ढकलण्याला बसत नाही, भरण्याला बसतो. आमच्या सगळ्या तपासण्या आणि औषधं याच एका गोष्टीभोवती फिरतात. ठोक्यानंतर कप्पा पुरता सैल पडला तर वरच्या कप्प्यातलं रक्त आपसूक खाली उतरतं. तो सैल पडेना झाला की वरच्या डाव्या कप्प्याला जोर लावावा लागतो, तिथला दाब चढतो, आणि तो दाब उलटा फुफ्फुसांच्या शिरांपर्यंत जातो. बसून असताना हे निभून जातं. चढ चढताना ठोके १२० वर गेले की एका ठोक्याला अर्धा सेकंदच मिळतो आणि त्यात कात्री लागते ती भरण्याच्या वेळेला. रक्त मागे तुंबतं, फुफ्फुसं जड होतात, दम लागतो. उताणं झोपल्यावर पायांतलं रक्त वर येतं तेव्हाही हेच होतं. दोन उशांचं कारण हे.

गोळ्या नसत्या तर हे सगळं कसं पुढे जातं ते अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या नोंदींत दिसतं. १९४१ मध्ये त्यांचं बीपी १८८/१०५ होतं. मार्च १९४४ मध्ये हृदयतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी तपासलं तेव्हा ते १८६/१०८ होतं, हृदय वाढलेलं होतं आणि फुफ्फुसांत पाण्याचे आवाज येत होते. डॉक्टरांच्या हातात डिजिटॅलिस हे हृदयाचं जुनं औषध, कमी मीठ आणि विश्रांती एवढंच होतं. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूतल्या रक्तस्रावाने ते गेले. आज यवतमाळच्या उपकेंद्रातल्या कपाटात जी गोळी फुकट मिळते, ती तेव्हा जगात कुणाकडेच नव्हती.

पुढची पायरी अंगाला हात लावून तपासण्याची. हृदयाचा ठोका डाव्या स्तनाग्राजवळ बोटाखाली लागतो. जाड झालेल्या हृदयात तो जागचा फारसा हलत नाही, पण बोट उचलून धरतो, रेंगाळतो. ठोका काखेकडे सरकला असेल तर कप्पा पसरू लागला असं समजावं. मानेची शीर ४५ अंशात टेकून बसवून पाहायची. घोट्याच्या वर, हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून खड्डा पडतो का ते बघायचं. पाठीच्या तळाशी श्वास आत घेताना बारीक चरचर येते का ऐकायचं. आणि नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय इथे नडते, कारण वरचा कप्पा ताणून ताणून फडफडायला लागला की नाडी वेडीवाकडी चालते आणि ते अशा घाईच्या मोजणीत सुटतं. फडफडणाऱ्या कप्प्यात रक्ताची गुठळी धरते आणि ती मेंदूत गेली की लकवा. नाडी अशी असेल तर आपोआप चालणाऱ्या मशीनचा एकच आकडा धरू नये, तीनदा मोजून सरासरी घ्यावी.

ईसीजी बहुतेक ग्रामीण रुग्णालयांत निघतो. पट्टी हातात आली की आधी सुरुवातीची चौकोनी खूण पाहावी. ती १० मिलिमीटर उंच हवी. मशीन अर्ध्या मापावर राहिलं असेल तर ती ५ असते आणि पुढचं सगळं गणित निम्म्याने चुकतं. मग व्ही१ मधला (व्ही१ ते व्ही६ या छातीवरच्या जागांच्या रेघा) एस म्हणजे खाली जाणारा काटा घ्यायचा, आणि व्ही५ व व्ही६ मधल्या आर म्हणजे वर जाणाऱ्या काट्यांपैकी जो मोठा तो घ्यायचा, आणि बारीक चौकोन मोजून दोन्हींची बेरीज करायची. ३५ किंवा जास्त आली तर डावा कप्पा जाड असल्याचा संशय. एव्हीएल या हातापायांवरच्या पट्ट्यांवरून निघणाऱ्या रेघेतला आर ११ च्या वर असेल तरी तोच संशय.

पण इथे आपल्याकडचा एक पेच आहे. शेतमजुराच्या छातीवर मांस नसतं, त्यामुळे निरोगी हृदयाचे ठोकेही पट्टीवर उंच उमटतात. वीस-पंचविशीतल्या सडपातळ पोराची बेरीज ४० आली म्हणून त्याला हृदयरोगी ठरवू नये. उलट जाड अंगाच्या बाईची बेरीज २० येते आणि भिंत १४ मिलिमीटर निघते. त्यामुळे उंचीपेक्षा व्ही५, व्ही६, एक नंबरची रेघ आणि एव्हीएलमध्ये एसटी (काट्यानंतरचा सपाट भाग) खाली उतरून टी (त्यापुढची लाट) उलटा झाला आहे का, याला आम्ही जास्त वजन देतो. ही उतरंड तिरकी, हळू उतरणारी असते आणि पुढे उलटा टी झटकन वर येतो. असं चित्र आणि जुनं बीपी एकत्र दिसलं की इकोला, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीला, पाठवायचंच. छातीत दुखत असेल तर मात्र ही रेघ बीपीच्या खात्यावर टाकून मोकळं होऊ नये. हार्ट अटॅक नाही हे आधी पाहावं, जुनी पट्टी असेल तर शेजारी ठेवून. ईसीजी सरळ आला म्हणून हृदय ठीक, असंही नाही. जाड भिंतीच्या निम्म्याहून जास्त केसेस ईसीजीला दिसत नाहीत.

इकोसाठी सेवाग्राम, सावंगी किंवा यवतमाळचं मेडिकल कॉलेज गाठावं लागतं. एक दिवस मोडतो, मजुरी बुडते, त्यामुळे चिठ्ठी नीट लिहिलेली हवी. ‘इको करावा’ एवढ्याने भागत नाही. बीपी किती वर्षांपासून, आजचा आकडा, दम कशाने लागतो, नाडी नियमित की अनियमित, कोणत्या गोळ्या, आणि नेमकं काय पाहायचं: भिंतीची जाडी, वरच्या डाव्या कप्प्याचा आकार, भरण्याचा दाब, झडपा. आधार कार्ड, रेशन कार्ड आणि जुने कागद सोबत. दाखल व्हायची वेळ आली तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या काउंटरवर हीच कागदपत्रं मागतात.

रिपोर्ट येतो तो बहुधा असा: कॉन्सेंट्रिक एलव्हीएच (डाव्या कप्प्याची भिंत सगळीकडून जाड), ग्रेड वन किंवा टू डायस्टॉलिक डिसफंक्शन (भरण्यातला बिघाड), ईएफ म्हणजे पंपिंग ६० टक्के. घरचे निर्धास्त होतात. ‘डॉक्टर त पंपिंग चांगलं हाये म्हणते, मग दम काऊन लागते?’ प्रश्न अगदी बरोबर आहे. ईएफ हा वाटा आहे, मात्रा नाही. निरोगी कप्प्यात १०० मिलिलिटर रक्त भरलं आणि ६० बाहेर गेलं, तर ६० टक्के. ताठर कप्प्यात ७० च भरलं आणि ४२ बाहेर गेलं, तरी ६० टक्केच. शरीराला मिळालेलं रक्त १८ मिलिलिटरने घटलं आणि रिपोर्टमधला आकडा तोच राहिला. म्हणून आमची नजर आधी दुसऱ्या आकड्यांवर जाते. वरच्या डाव्या कप्प्याचं आकारमान शरीराच्या प्रत्येक चौरस मीटरमागे ३४ मिलिलिटरच्या वर गेलं असेल, तर तिथला दाब बऱ्याच दिवसांपासून चढलेला आहे. ई आणि ई प्राइमचं गुणोत्तर (कप्प्यात उतरणाऱ्या रक्ताचा वेग भागिले भिंत सैल पडण्याचा वेग) १४ च्या वर असेल तर तो आजही चढलेला आहे. उलट साठीपुढच्या माणसाच्या रिपोर्टवर नुसतं ग्रेड वन लिहिलेलं असेल आणि भिंत, वरचा कप्पा, बीपी सगळं ठीक असेल, तर तेवढ्यावरून घाबरायचं काही नाही. वयाने तेवढं होतंच.

बीपी तसंच राहिलं, किंवा मधे एखादा अटॅक येऊन गेला, तर पुढचा टप्पा येतो: जाड भिंत हार मानते, कप्पा पसरतो, ईएफ ४० च्या खाली येतं. याच सुमाराला घात करणारी एक गोष्ट होते. थकलेलं हृदय दाब तयार करू शकत नाही, म्हणून बीपी आपोआप ११०/७० वर येतं. पेशंट म्हणतो बीपी बरं झालं. पाय सुजलेले, दोन पावलांत धाप, आणि बीपी ‘नॉर्मल’, हे चित्र दिसलं तर जुन्या कार्डावरचे आकडे काढून पाहावेत. गोळ्या बंद करायच्या तर नाहीतच. उलट वेगळ्या आणि जास्त गोळ्यांची वेळ आलेली असते.

ताठर हृदय महिनोन्महिने निभावतं आणि एका रात्रीत कोसळतं. त्यामागे बहुतेकदा काहीतरी निमित्त असतं, आणि गावातलं पहिलं निमित्त सलाईन. ‘एक सलाईन लावून द्या नं, भल्ली कमजोरी आली,’ ही मागणी रोजची. नॉर्मल सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना अख्ख्या दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते. म्हणजे दिवसभराचं मीठ आणि अर्धा लिटर पाणी तासाभरात थेट शिरेत, आणि तेही अशा हृदयात ज्याला भरून घेणंच जमत नाही. दोन बाटल्या लावून घेतलेला माणूस संध्याकाळी घरी जातो आणि मध्यरात्री धापा टाकत परत येतो. कमजोरी हीच हृदयाची तक्रार असू शकते. सलाईन लावण्याआधी बीपी, पायांची सूज आणि पाठीचा तळ तपासायला तीन मिनिटं पुरतात.

दुसरं निमित्त कंबरेच्या गोळ्या. वेचणीच्या आणि निंदणाच्या दिवसांत डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक किराणा दुकानातसुद्धा मिळतात. या गोळ्या मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतात, बीपी चढवतात आणि टेल्मिसार्टन (बीपीची एक गोळी) व लघवी वाढवणाऱ्या गोळीचा असर पुसून टाकतात. तिन्ही एकत्र चालल्या तर मूत्रपिंडच बसू शकतं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, शेक, आणि ओझं दोन फेऱ्यांत. तिसरं निमित्त मीठ. ते सल्ल्याने कमी होत नाही, हिशोबाने होतं. पाच मोठ्या माणसांच्या घरात माणशी पाच ग्रॅम धरलं तर एक किलोचा पुडा ४० दिवस पुरायला हवा. तुमच्याकडे किती दिवसांत संपतो, एवढं विचारलं की घरची बाई स्वतःच ओळखते. मग ठेचा, लोणचं, पापड, कुरड्या, पंगतीतला मठ्ठा यांतून काय सोडायचं ते तिच्यावर सोपवावं. सगळंच बंद करा म्हटलं तर काहीच बंद होत नाही. रक्त कमी असेल तरी हृदयावर भार पडतो, आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्या भागात भरपूर आहे, म्हणून दम लागणाऱ्याचं हिमोग्लोबिन पहिल्याच दिवशी करून घ्यावं.

रात्री धाप लागलेला माणूस आला तर तो दमा समजला जातो, कारण छातीतून शिट्टी वाजते. फुफ्फुसांत पाणी साचल्यावरही शिट्टी वाजते. जुना दमा नाही, बीपी २०० च्या घरात, घाम फुटलेला, बसल्याशिवाय श्वास घेता येत नाही, तोंडाला गुलाबी फेस, असं असेल तर ते हृदय आहे. त्याला आडवं पाडू नये. खाटेच्या कडेला पाय खाली सोडून बसवावं, पाणी पाजू नये, १०८ ला फोन करावा. केंद्रात ऑक्सिजन, जिभेखाली नायट्रेटची गोळी आणि शिरेतून ४० मिलिग्रॅम फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवी वाढवून पाणी काढणारं औषध. नायट्रेट बीपी चढलेलं असतानाच द्यायचं. ११० च्या खाली असेल तर देत नाहीत. ईसीजी लगेच. रुग्णवाहिकेतसुद्धा स्ट्रेचरची पाठ उभी करायची. हे ड्रायव्हरला आणि नातेवाइकांना दोघांनाही सांगावं लागतं, नाहीतर दोन किलोमीटरवर कुणीतरी दया येऊन झोपवतं.

रोजच्या उपचारात फार गूढ काही नाही. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्राच्या पहिल्या चार जिल्ह्यांत वर्धा आणि भंडारा होते. ठरलेल्या थोड्या गोळ्या, ठरलेला क्रम, महिन्याभराचं औषध जवळच्या केंद्रात आणि प्रत्येकाचं कार्ड, एवढंच त्याचं सूत्र. अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, टेल्मिसार्टन ४०, क्लोरथॅलिडोन (लघवीची गोळी) १२.५ या तीन गोळ्यांत बहुतेकांचं बीपी १४०/९० च्या खाली येतं. हृदय जाड झालेलं असेल तर टेल्मिसार्टन लवकर जोडण्याकडे आमचा कल असतो, कारण तंतू साचवणाऱ्या अँजिओटेन्सिनलाच ते अडवतं. ते सुरू केल्यावर दोन-चार आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) आणि पोटॅशियम तपासायचं. दिवस गेलेल्या किंवा जायची शक्यता असलेल्या बाईला ते द्यायचं नाही. हृदयामुळे दम लागू लागलेल्यांना डॅपाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम ही गोळी, ईएफ कमी असो वा नसो, उपयोगी पडते. २०२० मध्ये पेटंट संपल्यापासून ती आपल्या माणसाला परवडण्यासारखी झाली. फक्त उलट्या-जुलाब किंवा उपास असेल त्या दिवशी ती थांबवायची. वेचणीला, वीटभट्टीला बाहेरगावी जाणाऱ्यांना दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात. नियमाकडे बोट दाखवून महिन्याच्याच दिल्या की दुसऱ्या महिन्यात खंड पडतो.

अम्लोडिपिनने घोट्याला सूज येते, विशेषतः १० मिलिग्रॅमवर, आणि सगळे गडबडतात. गोळीची सूज असेल तर वजन वाढत नाही, दम लागत नाही, मानेची शीर फुगत नाही, सकाळी सूज उतरलेली असते. लघवीच्या गोळीने ती जात नाही. डोस ५ वर आणून टेल्मिसार्टन जोडलं की कमी होते. हृदयाची सूज वजनाने ओळखता येते. म्हणून सूज उतरल्यानंतरचं कोरडं वजन कार्डावर वरच्या कोपऱ्यात मोठ्या आकड्यात लिहून ठेवावं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर आशाताईला सांगायचं. काटा घरी नसतो, पण उपकेंद्रात असतो. काटा एकच असावा आणि वेळ सकाळची, लघवी झाल्यावरची.

मे महिन्यात पारा ४५ वर गेला की हीच औषधं उलटी पडू शकतात. घाम खूप जातो, लघवीची गोळी सुरूच असते, आणि माणूस बैल सोडून उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी येते. उभं राहिल्यावर तीन मिनिटांनी बीपी मोजून वरचा आकडा २० किंवा जास्त पडत असेल तर डोस कमी करावा लागतो, हिवाळ्यात पुन्हा वाढवावा लागतो. हा बदल पेशंटने मनाने करायचा नाही, आणि त्याने तो करू नये असं वाटत असेल तर मार्चच्या भेटीतच आपण विषय काढायला हवा.

बीपी सलग ताब्यात राहिलं तर सहा महिने ते वर्षभरात भिंतीची जाडी उतरायला लागते. साचलेले तंतू मात्र तितक्या सहज विरघळत नाहीत, म्हणून आकडा सुधारला तरी चढावर थोडा दम उरतो. इको दर भेटीला काढायची गरज नसते. दम वाढला, नाडी बिघडली, ईसीजी बदलला किंवा औषधांत मोठा फेरफार करायचा असेल तेव्हा काढावा. एरवी त्या पैशांत आणि त्या दिवसात क्रिएटिनिन, पोटॅशियम, साखर आणि लघवीतलं प्रोटीन तपासून होतं, आणि जुना इको रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत कार्डाबरोबर ठेवला तर पुढच्या डॉक्टरला १३ मिलिमीटरचे ११ झाले की १४, हे समोरासमोर ठेवून बघता येतं.